जावयाची आमटी आणि माझी वाटी

माझ्या जावयाला मी पहिल्याच जेवणात रडवलं. भांडण नव्हतं, मानपान नव्हता. नुसती येसराची आमटी होती.

गोरेगाव या आमच्या खेड्यात माझं किराणा दुकान आहे आणि दुकानात फ्रीज आहे. त्यामुळे कशावर काय प्यावं हे मला कळतं, असा माझा समज! (त्याला समज म्हणायला मी नंतर शिकलो.) एकुलती एक लेक रेखा लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन येणार होती. जावई रत्नागिरीकडचे, नारळाच्या दुधावर वाढलेले. रेखानं फोनवर बजावलं, "आप्पा, ह्यांना तिखट झेपत न्हाई. पहिल्याच खेपेला तकलीफ झाली, तर दिवाळीला इकडं यायचं नाव काढणार न्हाईत!"

लेकीशिवाय दिवाळी मला नको होती. तरी बायकोला म्हटलं, "सुमन, आमटी येसराचीच कर. आपल्याकडचं खरं खाऊ दे त्यांना. तिखटाची काळजी माझ्यावर सोड."

"तुमच्यावर?" सुमन एवढंच म्हणाली.

जेवायला बसलो. मी भाकर चुरली, वर आमटी ओतली, भुरका मारला आणि सुरू झालो. "जावईबापू, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, मिरची भाजून दळलं की झालं येसर. पण खरी गंमत मागून येणाऱ्या आंबटपणात! तो कळायला जीभ लागते." सुमननं काहून कुणास ठाऊक, पदर तोंडाला लावला.

जावयांनी पहिला घास घेतला. कान लालबुंद! मी तयारच होतो. फ्रीजमधला गार सोडा पुढं केला. ते घटाघटा प्याले आणि डोळ्यांतून धाराच लागल्या. (सोडा आग विझवत नाही, जिभेच्या कानाकोपऱ्यात नेऊन पोचवतो. हे फ्रीजवर लिहिलेलं नसतं.)

"पाणी..." ते कसेबसे म्हणाले.

"पाण्यानं न्हाई भागत! मठ्ठा घ्या."

मठ्ठा मी स्वतः केला होता. आलं आणि सहा हिरव्या मिरच्या वाटून!

बिचाऱ्यांनी, एकदाचं संपावं म्हणून, आमटीची वाटी रिकामी केली. आमच्याकडं रिकामी वाटी म्हणजे आवडली. मी लगेच भरली. त्यांनी परत संपवली. मी परत भरली!

"आप्पा, बस करा! काहून छळून राहिले त्यांना?" रेखाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते काही आमटीचं नव्हतं.

मला राग आला. "छळतो? अगं, रोज खातो मी हे! एवढंसुद्धा तिखट न्हाई." असं म्हणून मी पातेल्यातली आमटी पळीभर घेतली आणि सरळ तोंडाला लावली.

पुढचं नीट आठवत नाही. ठसका, घाम, आणि उठून मला तांब्या देणारे जावई, एवढंच दिसलं.

"ही... ही आपली आमटी न्हाई!" मी म्हणालो.

"आपलीच हाय," सुमन शांतपणे म्हणाली. "तुमची वेगळी असते. डॉक्टरनं तिखट बंद करा म्हणून सांगून नऊ वर्षं झाली. तुमी ऐकलं न्हाई. तवापासून तुमच्या वाटीत ताक घालून राहिले मी."

नऊ वर्षं! रोज, न चुकता, एका शब्दानं न बोलता. आणि मी त्या ताकाच्या आंबटपणावर गावभर भाषणं देत होतो. कशावर काय प्यावं हे घरात एकाच माणसाला कळत होतं. लाज वाटली, आणि खरं सांगतो, सुमनबद्दल मन भरून आलं.

जावयांनी डोळे पुसले आणि वाटी पुढं केली. "आई, मला आप्पांची आमटी वाढा."

तीन वाट्या जेवले. दिवाळीलाही आले, स्वतःहून. तेव्हा ओसरीवर बसून आपल्या आईला फोनवर सांगत होते, "अगं, इथल्यांच्या बरोबरीनं तिखट खातो मी आता!"

मी मान खाली घालून ऐकत होतो. दुरुस्ती केली नाही. नऊ वर्षं मीही तेच सांगत होतो.