काचपट्टीवरचा हिरवा

प्लास्टिकच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळ्यांचं दुधाळ पाणी काचपट्टीवर सावकाश सुकतं. गोळ्या आपणहून ओळीत बसतात आणि त्या नीट बसण्यातूनच हिरवा उमटतो, रंगाचा थेंबही न घालता. पट्टी कलली की तो निळा होतो. ती सुकेपर्यंत आमच्या प्रयोगशाळेत कुणी दार आपटत नाही.

काल पाहुणे येणार म्हणून सरांनी एका फसलेल्या, पांढऱ्याफटक पट्टीवर खायचा हिरवा रंग बोटांनी फासला. "अगं, त्यांना काय कळतंय?" मी तिच्या शेजारी आमची नीट सुकलेली, खरी पट्टी आणून ठेवली.

पाहुण्यांनी दोन्ही पट्ट्या कलवून पाहिल्या. "हिचा रंग टिकत नाही," म्हणत आमची खाली ठेवली आणि फासलेलीचा फोटो काढला.

मग सरांनी त्याच हिरव्या बोटांनी पेढा पुढे केला. पाहुण्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला.