किल्ली जमा, घर रिकामं

पाणी गल्लीत शिरायला लागलं की सगळ्यांच्या घराच्या किल्ल्या माझ्याकडे जमा व्हायच्या. ही पद्धत मीच घालून दिली होती. नदीकडच्या आमच्या गल्लीला पूर नवा नव्हता, पण प्रत्येक वेळचा गोंधळ नवा असायचा. कोण बाहेर पडलं, कुणाच्या घरात अजून माणूस आहे, कुणालाच सांगता यायचं नाही. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून. गोंधळ मला सहन होत नाही. एका पावसाळ्यात मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर घरांचे नंबर घातले आणि गल्लीच्या वरच्या टोकाला तालमीच्या पायरीवर जाऊन बसले. घर सोडायचं, कुलूप लावायचं, किल्ली माझ्याकडे द्यायची. मी किल्लीला नंबर बांधून वहीत बरोबरची खूण करायची. किल्ली डब्यात म्हणजे घर रिकामं. तालमीतले गडी बोट घेऊन आत जायचे ते माझी वही बघून.

दोन पुरांत ही पद्धत चोख चालली. तिसऱ्या पुरात तिनं माणूस मारलं.

माझ्या घरासमोर एक दुमजली घर होतं. म्हातारी, मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात. म्हातारीला विसरायला व्हायचं. दार उघडं दिसलं की ती नदीच्या वाटेला लागायची. म्हणून सून भाजीला गेली तरी बाहेरून कुलूप घालायची आणि म्हातारी वरच्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "माझी सून कुठं गेली ओ?" ते कुलूप अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मलाही होतं.

त्या दिवशी सकाळी गटारातून पाणी उलटं यायला लागलं. मुलगा कामासाठी गारगोटीला गेला होता आणि रस्ता बंद झाल्यानं तिकडेच अडकला होता. नातीला ताप होता. सून तिला खांद्यावर टाकून पायरीपाशी आली. तिथं वीसपंचवीस माणसं, गाठोडी, एक म्हैस, दोन गॅसच्या टाक्या. किल्ली पुढं करून ती म्हणाली, "वैनी, आत्ती वर हायत. पायऱ्या उतरंनात. पोरीला राजारामपुरीत मावशीकडं ठ्येवते आन् रिक्षा घेऊन तासात येते. तवर लक्ष ठ्येवा."

आत्ती म्हणजे सासू. मी शेजारच्या घराचा नंबर लिहीत होते. मान वर न करता "बरं बरं, दे इकडं" म्हणाले, किल्लीला पुठ्ठा बांधला, डब्यात टाकली आणि खूण केली. हाताला तेवढंच वळण होतं.

तासात ती परत आली नाही. रस्त्यावर पाणी चढलं आणि पोलिसांनी दोर लावला. दोरापलीकडून ती सांगत राहिली की घरात म्हातारी आहे. दोरापाशी उभ्या असलेल्या माणसानं तालमीत विचारायला पाठवलं. तालमीतून उत्तर गेलं, वहीत खूण आहे, घर रिकामं आहे. त्या वेळी मी चहा पीत होते. मला कुणी विचारलं नाही, वहीला विचारलं.

दुपारी बोटीवरच्या गड्यांपैकी एकानं मात्र मला विचारलं. "वैनी, तुमच्या समोरच्या घरात काय तरी वाजतंय. कोन हाय काय आत?"

"किल्ली माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "पत्रा वाजत असेल."

बोट पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पावसानं फुगून घट्ट बसलेली वरची खिडकी फोडून म्हातारीला बाहेर काढलं. जिवंत होती. ओठ निळे पडले होते. उजव्या हाताची बोटं सुजून काळी झाली होती. आठव्या दिवशी दवाखान्यातच वारली.

तालमीत सगळे जमले होते तेव्हा मुलगा एवढंच म्हणाला, "आईला कोंडून गेलीस?" सून म्हणाली, "मी वैनींना सांगितलं हुतं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडली. पान काढलं. खुणेच्या रकान्यावरचं वाचून दाखवलं, "किल्ली जमा, घर रिकामं." मग म्हणाले, "माझ्या वहीत दुसरं काही लिहिलेलं नाही."

वाक्य खरं होतं. त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या वहीपुढं तिचं कोण ऐकणार होतं?

महिन्याभरात मी संस्थेच्या जयसिंगपूरच्या शाळेत बदली मागून घेतली. नवऱ्याला सांगितलं, तिथं वरची जागा आहे. मुलीला सांगितलं, पुराचा कंटाळा आला. जयसिंगपूर कोल्हापूरपासून तासाभरावर. पाच वर्षांत मी तो तास एकदाही ओलांडला नाही. दात काढायला सांगलीला गेले, कोल्हापुरातल्या चुलत भावाच्या लग्नाला ताप आला म्हणून कळवलं. पावसाळ्यात घराचा पत्रा वाजला की उठून तो कुठून वाजतोय ते बघून यायचे. दरवर्षी एक खिळा जास्त मारून घ्यायचे. तरी वाजायचा.

यंदा जुलैत जयसिंगपूरच्या बाजारात आमच्या गल्लीतला म्हातारा पैलवान भेटला. मिरच्या निवडत होता. मी वळणार तोवर त्यानं हाक मारली.

"वैनी! जित्त्या हाय काय? आमास्नी वाटलं पानी तुमास्नीबी घेऊन गेलं."

मी गल्लीची खुशाली विचारली. त्यानं एकेक घर सांगितलं, आणि समोरच्या घरापाशी थांबला.

"तिचं काय सांगायचं? भाकरी वाढती, त्यो खातो. बोलत न्हाई. पाच वर्सं झाली. काय पायजे असलं तर पोरीला सांगतो, 'आईला सांग'. बायका नळावर तिला 'कुलूपवाली' म्हंत्यात. आता पोरगी शाळंत जाती, तिलाबी म्हनायला लागल्यात."

मी त्याला एक किलो मिरच्या घेऊन दिल्या. का ते मलाही कळलं नाही.

ऑगस्टमध्ये पाणी पुन्हा वाढायला लागलं. आमच्या शाळेत शिरोळकडची गावं यायला लागली आणि मुख्याध्यापकांनी नोंदवही माझ्यापुढं ठेवली. "तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." मी पहिलं नाव लिहिलं. समोरच्या चौकटीत खूण करायला पेन टेकवलं. हात पुढं सरकेना. वही शेजारच्या शिक्षिकेकडे सरकवली आणि घरी आले. जुनी वही कपाटाच्या तळाशी होती. पिशवीत घातली. सकाळी काय काय करायचं ते एका कागदावर लिहिलं: एक, तिला भेटणं. दोन, तिच्या नवऱ्यासमोर खरं सांगणं. तीन, गल्लीसमोर खरं सांगणं. चार, दुपारच्या गाडीनं परत.

पत्र्याचं मी काही लिहिलं नव्हतं.

एसटी पुलावरून गेली तेव्हा डाव्या बाजूचा ऊस कमरेपर्यंत पाण्यात होता. कंडक्टर म्हणाला, "जाताय खरं, परत याचं बघा." गल्लीत गाड्या वर नेऊन लावल्या होत्या. म्हशी रस्त्यावर बांधल्या होत्या. खालच्या टोकाला गटाराच्या जाळीतून बुडबुडे येत होते, एकामागून एक, शांतपणे.

ती दारात धान्याचं पोतं ओढत होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला पाहिलं, पोतं सोडलं नाही.

"कुणाकडं आलाय, पावणं?"

अनोळखी माणसाला विचारतात तसं विचारलं.

"तुझ्याकडेच आले," मी म्हणाले. "मी खोटं बोलले होते. तू मला सांगितलं होतंस."

"बरं."

"मला ते सांगायचं—"

"मला काय सांगताय? मी तितंच हुते की." तिनं पोतं उंबऱ्यावर टेकवलं. "जे न्हवते त्यास्नी सांगा. सगळी तालमीत बसल्यात. पानी किती चढंल त्याचा हिशेब चाललाय. जावा."

मी गेले. ती मागून आली, हात पुसत. तालमीत तीसेक माणसं होती आणि दाराशी तिचा नवरा दोराचं वेटोळं उलगडत बसला होता. मी पायरीवर उभी राहिले. वही काढली, ते पान काढलं, आणि या वेळी वाचलं नाही. सांगितलं. तिनं काय सांगितलं होतं ते शब्दाला शब्द. मी "बरं बरं" म्हणाले ते. नंतर इथंच उभी राहून काय म्हणाले ते.

मग पैलवान म्हणाला, "मग पाच वर्सं काय झोपलावता व्हय?"

"झालं गेलं," मागून कुणी बाई म्हणाली. "पानी दारात हाय आन् आता हे काय काढून बसलाय? सोडा की."

"कुनाचं झालं गेलं?" सून म्हणाली. "तुझं?"

मला वाटलं, माझ्या कागदावरचं दोन आणि तीन एकदमच झालं. मी वही मिटली. तेव्हा तिचा नवरा दोर खाली ठेवून उठला. माझ्यासमोर आला. आवाज चढवला नाही.

"आई खिडकी वाजवत हुती काय?"

मी वही पिशवीत घालायला लागले.

"बोटं काळी झालती तिची. डॉक्टर म्हनला, आपटून आपटून झाल्यात. कुनाला ऐकाय आलं न्हवतं काय?"

'नाही' म्हणता आलं असतं. बोटीवरचा तो गडी आता दुबईला होता. वहीत त्याचंही काही लिहिलेलं नव्हतं. मी पाहिलं, सून माझ्याकडे बघत होती, पाच वर्षांपूर्वी याच जागी उभी राहून बघितलं होतं तशीच. गड्यानं मला विचारल्याचं तिलाही माहीत नव्हतं.

"आलं होतं," मी म्हणाले. "मला येऊन सांगितलं होतं, काहीतरी वाजतंय म्हणून. मी म्हणाले, पत्रा असेल."

तो तसाच उभा राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो वळला, दोर उचलला, आणि तिच्यापुढून जाताना थांबला.

"चल," तो तिला म्हणाला. "पोती वर न्यायची हायत."

ती जागची हलली नाही. मग हसली.

"ऐकलंसा काय समद्यांनी? पाच वर्सांनी म्हंतोय, चल." ती त्याच्याकडे वळली. "जा म्होरं. येते मी. माझ्या सवडीनं."

तो गेला. माणसं उठली, आपापल्या कामाला लागली. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर कुणीतरी ओरडून सांगत होतं की हायवेवर पाणी आलं, गाड्या बंद. म्हणजे चौथं काम होणार नव्हतं.

ती पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर शाळेची वही होती, मुलीची असावी. त्यात घरांचे नंबर होते.

"यादी आता तू करतेस?" मी विचारलं.

"करते. पन किल्ली घेत न्हाई मी कुनाची. आत जाऊन बघते. माडीवर, न्हानीत, पलंगाखाली. मग लिव्हते." ती उठली. "अडकलाय न्हवं? मग उगं बसू नगा. खालच्या अंगाची आठ घरं ऱ्हायल्यात. पाय भिजत्यात तवर जाऊन या."

"आणि कुलूप असेल तर?"

तिनं पदराच्या गाठीतून किल्ल्यांचा एक जुडगा काढला. "दोन घरची मानसं मघाशी ठेवून गेल्यात. नको म्हनलं तरी." जुडगा माझ्या हातात टाकला आणि मागं न बघता गेली. वैनी म्हणाली नाही. शेवटपर्यंत म्हणाली नाही.

मी खाली गेले. पाणी घोट्यापर्यंत होतं, गार आणि जड. सहा घरं उघडी होती. सहाही आत जाऊन पाहिली, माडीपर्यंत. सातव्याला कुलूप होतं. ते काढलं, पाहिलं, पुन्हा लावलं. आठव्या घरापाशी पोचले तेव्हा उजेड उतरत होता आणि पाणी पोटरीला आलं होतं. शेजारून कुणी ओरडलं, "अवो, ती सगळी सकाळी जयसिंगपूरला गेल्यात! रिकामं हाय त्ये!"

मी दाराला कान लावला. आतून काहीच वाजत नव्हतं. कुलपाला किल्ली लावली. ती फिरेना, कुलूप गंजलं होतं. मी दोन्ही हातांनी धरून फिरवली.