दुसरं वजन

बाभुळगावच्या बाहेर, यवतमाळ रस्त्याला कापसातली सरकी काढायचा एक जिनिंग कारखाना आहे. कापूस घेऊन तिथं कोणीही जावो, पहिली गाठ अपेक्षाशी पडते. फाटकातून आत शिरलं की जमिनीत बसवलेला लोखंडी वजनकाटा, त्याच्या कडेला एक खोली आणि खोलीच्या खिडकीत अपेक्षा. गाडी काट्यावर चढली की ती कॉम्प्युटरवरची नजर न हलवता ओरडते, "उतरा सारे!" मग ड्रायव्हर उतरतो, शेतकरी उतरतो, ट्रॉलीतल्या कापसावर झोपलेला माणूसही डोळे चोळत उतरतो. एकदा एका सरपंचांनी विचारलं, "म्या बी?" ती म्हणाली, "तुमचं वजन गावात, जी. इथं फक्त कापसाचं करतो." सरपंच उतरले.

काम तसं सोपं. भरल्या गाडीचं एक वजन घ्यायचं, कापूस खाली करून ती परत आली की रिकाम्या गाडीचं दुसरं. एकातून दुसरं वजा केलं की कापूस किती ते कळतं. दुसरं वजन झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, हा तिथला कायदा. आणि हा कायदा म्हणजे नरहरराव.

नरहरराव मॅनेजर. एकतीस हंगाम त्यांनी त्या जिनिंगमध्ये काढले आणि एकाही हंगामात एक दिवस सुट्टी घेतली नाही. ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लिहून ठेवली आहे : 'हंगामात सुट्टी मिळणार नाही. कारण सांगू नये.' नव्या माणसाला ते अभिमानानं सांगतात, "आमचा सलील झाला ना, तेव्हा मी इथं काट्यावर होतो." त्यांच्या पत्नी रत्नप्रभाताई हीच गोष्ट जरा वेगळी सांगतात. "हो, हे काट्यावर होते. आणि मी ऑटोत, एकटी."

तर अशा माणसाच्या हाताखाली अपेक्षाला दिवस गेले.

ऑगस्टात तिनं सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं. वजन झालं, रक्तदाब झाला, कार्ड मिळालं. दर महिन्याच्या नऊ तारखेला यवतमाळहून मोठ्या डॉक्टरीणबाई येतात, तेव्हा दाखवायला यायचं, असं ठरलं. सप्टेंबरच्या नऊला नेमके वजनमापवाले काटा तपासायला आले. ऑक्टोबरच्या नऊला पहिल्या कापसाचा मुहूर्त होता, नारळ फोडायला बाई नको पण काट्यावर बाई हवी. असे दोन महिने गेले. नोव्हेंबरच्या सात तारखेला संध्याकाळी गावातली नर्सबाई घरी आली, पायावरची सूज बोटानं दाबून पाहिली, दंडाला पट्टा बांधला आणि तिचा चेहरा बदलला.

"बीपी वाढलं हाय थोडं. परवा नऊ तारीख हाय, परवा डॉक्टरीणबाईले दाखवाच लागते. त्याच्या पहिले डोकं दुखलं नाहीतर डोळ्यापुढं अंधारी आली, तर कोणाले विचारू नका, सरळ दवाखान्यात."

सासू मैनाबाई तिथंच बसल्या होत्या. "तुह्या त्या नरहररावले सांग म्हणा, मी येऊन बसतो काट्यावर."

नवरा नयन म्हणाला, "कायदा हाय म्हणते याच्यासाठी. सुट्टी द्याच लागते."

"कायदा यवतमाळले राह्यते," अपेक्षा म्हणाली. "काटा इथं हाय."

आठ तारखेला ती नरहररावांपुढे उभी राहिली.

"साहेब, उद्या दोन-तीन घंटे पाहिजेत. दवाखान्यात जा लागते. बीपी वाढलं हाय."

नरहररावांनी चष्मा कपाळावर नेला. माणूस वाईट नव्हे. त्यांनी पंखा तिच्या बाजूला वळवला, पाणी मागवलं, मैनाबाईंची चौकशी केली आणि मग पाटीकडे बोट दाखवलं.

"पगार कापा जी."

"पगाराचा प्रश्नच नाही, अपेक्षाताई. उद्या चाळीस-पन्नास गाड्या येतील. काट्यावर कोण बसणार? उकंडा? त्याला बसवलं तर तो गाडीसोबत स्वतःलाही तोलेल." उकंडा म्हणजे फाटकावरचा चौकीदार. "हंगाम संपू द्या. मार्चमध्ये महिनाभर सुट्टी घ्या."

"मार्चमध्ये तं लेकरूच येते, साहेब."

"मग तर चांगलंच झालं," असं म्हणून त्यांनी चष्मा खाली ओढला. म्हणजे विषय संपला.

नऊ तारखेला ती कामावर आली, पण कार्ड पर्समध्ये घेऊन. आज अकरापर्यंत निघायचं, नोकरी गेली तर गेली, असं ती मैनाबाईंना सांगून आली होती. सांगताना आवाज ठाम होता. खिडकीत बसल्यावर मात्र तो ठामपणा गाड्यांच्या रांगेकडे बघत बसला. रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

साडेदहाच्या सुमारास फाटकावर कालवा झाला. रोज कापूस आणणाऱ्या प्रेमसिंगनं त्याची पिकअप खाली केली होती आणि दुसरं वजन न करताच तो बाहेर निघाला होता. गाडीपुढे नरहरराव दोन्ही हात पसरून उभे.

"गाडी मागे घे!"

"साहेब, रोजचीच गाडी हाय. कालचंच रिकामं वजन लिहून टाका ना! गाडी काय एका रात्रीत जाडी होते?"

"होते!" नरहरराव कडाडले. "टाकीत डिझेल वाढतं, मागे तू दगड ठेवतोस, चाकाला चिखल लागतो. एका वजनावरून काय कळतं रे? काही कळत नाही! दुसरं वजन झालंच पाहिजे. ज्याचं त्याचं, वेळच्या वेळी!"

प्रेमसिंग गाडी वळवून काट्यावर आला. नरहरराव तरातरा खिडकीशी आले, पावती बघायला हात आत घातला. अपेक्षानं त्या हातात दवाखान्याचं कार्ड ठेवलं.

एकतीस वर्षांची सवय. त्यांनी ते नीट पाहिलंही नाही. तारखांचे रकाने दिसले, पहिल्या रकान्यात वजन दिसलं, पुढचे कोरे दिसले आणि माणूस भडकला.

"हे काय? ऑगस्टात एक वजन आणि पुढे काहीच नाही? दुसरं वजन कुठे आहे? हे असं अर्धवट कोणी सोडलं?"

"तुमीच जी," अपेक्षा म्हणाली.

नरहररावांनी कार्ड उलटवलं. वर आई आणि बाळाचं चित्र होतं.

प्रेमसिंग गाडीतून उतरून उभा होता. तो म्हणाला, "मले तं फाटकावर अडवलं साहेबानं. या ताईले तीन महिने कोणी अडवलंच नाही, कमाल हाय बापा."

"तू गप रे." नरहररावांनी कार्ड आतून पुन्हा पाहिलं. रक्तदाबाच्या रकान्यात नर्सबाईनं परवाचा आकडा लिहून त्याभोवती लाल गोल केला होता. त्यांनी विचारलं, "हे लाल कशाला?"

"दाखवल्याशिवाय कसं सांगता येईन, साहेब? एका वजनावरून काय कळते?"

ते खोलीत आले. "उठा," म्हणाले. अपेक्षाला वाटलं, गेली नोकरी. पण ते स्वतः खुर्चीत बसले आणि कॉम्प्युटरकडे नव्या सुनेनं चुलीकडे बघावं तसं बघू लागले.

"पहिले माह्या गाडीचं वजन ताईच्या हातानं होऊ द्या," प्रेमसिंग घाईनं म्हणाला. "मग मीच सोडून देतो दवाखान्यात."

दवाखान्यात दीड तास लागला. वजन झालं, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. बाळ ठीक होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि चांगलं रागावून घेतलं. "तीन महिने कुठे होतीस? आता दर पंधरा दिवसांनी यायचं. चुकलीस तर यवतमाळला भरती करून ठेवीन." दर पंधरा दिवसांनी, हे ऐकून अपेक्षाला नरहररावांचा चेहरा दिसला.

परत आली तेव्हा रांग होती तिथंच होती. नरहररावांनी अकरा गाड्या तोलल्या होत्या. त्यातल्या पहिल्या सहा गाड्या उकंडा काट्यावर उभा असतानाच तोलल्या, हे त्यांना सातव्या गाडीला कळलं, आणि मग त्या सहाही परत बोलावल्या. अपेक्षाला पाहून शेतकऱ्यांनी "आली, आली!" असा गजर केला.

नरहररावांनी आधी कार्ड मागितलं. बोट ठेवून दुसरं वजन वाचलं, त्यातून पहिलं वजा केलं. "तीन किलो सहाशे. बरोबर आहे?"

"थोडं कमी हाय म्हणे. पण चालते. साहेब, आता चोवीसले बोलावलं. दर पंधरा दिवसांनी."

नरहररावांनी कार्ड तिच्या हातात परत दिलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर, 'सुट्टी मिळणार नाही'च्या खाली, त्याच वळणदार अक्षरात एक ओळ वाढली होती : 'दर नऊ व चोवीस तारखेस काटा दुपारी एकनंतर सुरू होईल.' कोणी विचारलं की ते ठणकावून सांगत, "सुट्टी कोणालाच दिलेली नाही. काटा बंद आहे."

गोळीनं रक्तदाब उतरला आणि पुढच्या सगळ्या रकान्यांत आकडे भरले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, हंगाम अजून थोडा शिल्लक असताना, मैनाबाईंनी दवाखान्यातून जिनिंगमध्ये फोन लावला. "नरहरराव, बाळंतीण मोकळी झाली. दोघंही खुशाल हायेत."

मुलगा की मुलगी, हे नरहररावांनी विचारलं नाही.

"वजन?"

"दोन किलो आठशे."

"एकदाच केलं की दोनदा?"

"हात् बापा," मैनाबाई म्हणाल्या आणि फोन नर्सच्या हातात देऊन बाळाकडे गेल्या.