माझ्या नावावरचे एकवीस किलोमीटर

सुरेखा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच घरात, तिच्याच वडिलांना पेज भरवत होते. पाच दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तिचा धाकटा भाऊ संदीप हॉस्पिटलमधून बोलत होता. "वैशूताई, ताई गेली गं," म्हणाला आणि रडायला लागला. मला रडता आलं नाही. माझ्या हातात चमचा होता आणि तात्या पुढच्या घासाची वाट बघत होते. पक्षाघातानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय, "ये". तो त्यांनी म्हटला. मी चमचा पुढे केला. वाटी संपेपर्यंत मला तिथून हलता येणार नव्हतं... आणि सुरेखाने बारा वर्षं कशी काढली असतील, ते मला तेव्हा कुठे कळलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनसुद्धा.

आमची लालबागची चाळ, तिसरा मजला. तात्या अंथरुणाला खिळले तेव्हा सुरेखा छापखान्यात कामाला होती, एका ठिकाणी लग्नाचंही चाललं होतं. दोन्ही सुटलं. संदीप बदलापूरला. महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचा आणि "ताई आहे म्हणून निभावतंय" म्हणून परत जायचा. मला त्या वाक्याचा भयंकर राग यायचा. सुरेखाला यायचा की नाही, तिने कधी सांगितलं नाही.

हाफ मॅरेथॉनला मी नाव नोंदवलं ते ऑफिसातल्या मैत्रिणींच्या नादाने. पहाटे शिवाजी पार्कला जायचे, आल्यावर किती पळाले ते सुरेखाला ऐकवायचे. एक दिवस ती म्हणाली, "गॅलरीत पळता येईल गो?" मी हसले. तिने मोजायची टेप आणली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस मीटर, म्हणजे पंचवीस खेपांचा एक किलोमीटर. झालं, बाई सुरू! पहाटे पाचला, आधी अनवाणी, मग कॅनव्हासचे बूट घालून. खिडकीत दोन वाट्या ठेवायची, किलोमीटर झाला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. आतून "ये" ऐकू आलं की जाऊन तात्यांची कूस बदलायची आणि परत बाहेर यायची. ही का पळते, याचे चाळीत तर्क चालायचे: कोणी म्हणे शुगर निघाली असेल, कोणी म्हणे बीपी. टोकाच्या घरातल्या सावंतकाकू दूध घ्यायला दार उघडायच्या आणि विचारायच्या, "काय गो, कुठे पोचलंस?"

"सहा किलोमीटर झाले, काकू. तुमच्याच दारात!"

शर्यतीला तीन आठवडे उरले आणि माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी सक्त मनाई केली. तोवर सुरेखाचे चिंचोके सोळा-सतरावर पोचले होते. मी म्हटलं, "माझा बिब, तो नंबराचा कागद, छातीवर लाव आणि तू जा. तात्यांजवळ मी बसते." दुसऱ्याच्या नंबरवर पळायचं नसतं, हे मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. तिला काळजी वेगळीच. "संदीपला कळलं तर? बापाला टाकून पळाली म्हणेल. आपल्याकडे बाई पळाली म्हणजे त्याचा एकच अर्थ होतो गो," असं म्हणून ती खूप हसली. पण जाईपर्यंत तिने मला चार वेळा वचन द्यायला लावलं, की कुणाला सांगणार नाहीस.

त्या सकाळी तात्या "ये" म्हणायचे, मी जवळ जायचे, ते माझ्याकडे न बघता दाराकडे बघायचे. दहाच्या सुमाराला सुरेखा आली. मेडल भाजीच्या पिशवीत, वर मेथीची जुडी. तीन तासांना सात मिनिटं कमी लागली होती. मी म्हटलं, सांग ना कसं वाटलं. ती पाय चोळत बसली होती. "पाय सारखा वळायला बघायचा. चाळीस मीटर झाले की आपसूक. सी-लिंकवर पोचले तर पुढे भिंतच नाही... भीतीच वाटली गो. म्हटलं, आता वळलेच नाही तर? अशीच सरळ गेले तर?"

"मग?"

"मग काय, आले ना." आणि ती तात्यांचं अंग पुसायला पाणी तापवायला उठली.

सुरेखाचं पहाटेचं गॅलरीतलं पळणं पुढेही चालूच राहिलं. निकाल अर्थातच माझ्या नावाने लागला. ऑफिसात केक कापला. चाळीच्या सत्यनारायणाला मंडळाने मला शाल-श्रीफळ दिलं. मी सुरेखाकडे पाहिलं. ती प्रसादाचं ताट घेऊन आपल्या दारात उभी होती, जेणेकरून तात्यांची हाक ऐकू येईल. तिने ओठांवर बोट ठेवलं, ताट खाली ठेवलं आणि सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या. मी वचन पाळलं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर मला ती शाल आवडलीसुद्धा होती. त्याची आज लाज वाटते.

तेराव्याला संदीप सगळ्यांसमोर म्हणाला, "ताईने तात्यांना सोडून कधी उंबरठा ओलांडला नाही." माना डोलल्या. माझ्याने राहवलं नाही. "ओलांडला होता," मी म्हटलं, "एकवीस किलोमीटर पळाली होती ती." संदीपने पहिलं काय विचारावं? "कधी? तेव्हा तात्यांजवळ कोण होतं?" तिला ज्या प्रश्नाची धास्ती होती, नेमका तोच. मी होते, म्हटलं, आणि मोबाइलवर निकाल काढून दाखवला. त्याने पाहिला. "यावर नाव तर तुझं आहे," म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

मग मी आयोजकांना मेल लिहिला, नाव बदलून द्या म्हणून. उत्तर सभ्य होतं. नाव बदलता येत नाही. दुसरी व्यक्ती धावली असं लेखी मान्य केलंत तर निकाल रद्द होईल. म्हणजे गप्प बसले तर तिचं पळणं माझं, आणि बोलले तर कुणाचंच नाही. पंधरा दिवस मी या दोन्हीच्या मध्ये अडकले होते. बाहेर पडायला तिसरी वाट असती तर मी सुरेखाची शपथ घेऊन सांगते, घेतली असती. नव्हती. गेल्या सोमवारी मी 'मान्य' असं लिहून पाठवलं. आता यादीत ती ओळ नाही. म्हणून हे इथे लिहून ठेवते आहे, निदान कुठेतरी तिच्या नावाने असावं.

संदीप तात्यांना बदलापूरला घेऊन गेला. खोलीला कुलूप आहे. परवा जेवणं उरकल्यावर मी गॅलरीत उभी होते. इतर मजल्यांवर दाराबाहेर बादल्या, स्टुलं, चपलांचे ढीग. आमच्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काही नाही. इतकी वर्षं बघून बघून मला ते दिसतच नव्हतं. सावंतकाकू वाकून बाहेरच्या चपला गोळा करत होत्या. मी म्हटलं, "काकू, आता कशाला आत घेताय?" त्या हातातल्या चपलांकडे बघत राहिल्या. "अगो, पहाटे तिच्या पायात येतील म्हणून..." एवढंच म्हणाल्या, आणि चपला आत घेऊन त्यांनी दार लावलं.