सामानाच्या गाडीत राहिलेलं इष्टलिंग

आमच्या मुडबीच्या बाजूला चढ म्हणजे पुलावरचा चढ. त्याच्यासाठी कुणी सराव करत नाही. तरी आम्ही दोघं दर रविवारी पहाटे सायकली काढायचो. कधी हुमनाबाद, कधी बसवकल्याण आणि वर्षातून दोनदा थेट गाणगापूर. वाटेत लोक विचारायचे, मोटारसायकल विकलात काय?

दोघं म्हणजे मी, कापडाच्या दुकानात बसून पोट सुटलेला, आणि मंठाळचा माझा मित्र. तो हायस्कूलात गणित शिकवतो. आठवीपासून आम्ही एका बाकावर बसलो. त्याच्या आजोबांनी बुद्धाचा धम्म घेतला, आमचं घर बसवण्णांना मानणारं. आमच्यात जात नाही, असं माझे काका बसवजयंतीच्या भाषणात सांगतात, आणि फार छान सांगतात.

मनालीहून लेहला सायकलने जायचं, हे वेड त्याचं. दहा दिवस, पाच मोठे घाट. सोबत दोन गाड्या असतात. एक सामान, तंबू आणि आचारी घेऊन पुढे जाते, दुसरी सगळ्यांच्या मागून, दमलेल्यांना उचलत. आपण नुसते पायडल मारायचे. दोन वर्षं त्याने तयारी केली. वर्गाच्या भिंतीवर त्या रस्त्याचा नकाशा लावला आणि पोरांना घाटांच्या उंचीवर गणितं घातली. त्याचा जीव होता बारालाचा या दुसऱ्या घाटावर. निघायच्या आदल्या दिवशी पोरांनी फळ्यावर तो घाट काढला होता आणि वर टोकाला एक सायकलवाला. मी आपला वाहत्या गंगेत हात धुवायला निघालेलो.

निघताना अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. लहानपणी दीक्षा घेतली तेव्हापासून ते अंगावर आहे. ज्याचं त्यानं पूजावं, दुसऱ्याचा हात लागू देऊ नये, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालू नये, हा आमच्या घरचा नेम.

"डोंगरात गेलास म्हणून नेम मोडू नगंस," ती म्हणाली. मी शब्द दिला. शब्द द्यायला माझं काय जातंय, मी घरात बसून दिला होता.

तिकडे दुसऱ्याच दिवशी घोडं अडलं. हृदयाचे ठोके मोजायला छातीला पट्टा बांधायचा होता. तो पट्टा आणि डबी यांच्यामध्ये माझं कातडं सोलून निघालं. मी डबी काढली, मऊ फडक्यात बांधली आणि बॅगेत ठेवली. अंगावरून काढू नये, हे मला ठाऊक होतं. सकाळी तंबूत पूजा करतोच की, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चौथ्या दिवशी बारालाचा होता. त्या सकाळी माझं डोकं फुटायला आलं होतं. उशिरा उठलो, तोंड धुऊन आलो, तर सामानाची गाडी गेलेली. बॅग गाडीत, इष्टलिंग बॅगेत आणि मी रस्त्यावर.

आमच्या टोळीच्या म्होरक्याला सांगता आलं असतं. पण टोळीतल्या पुण्या-बेंगळुरूच्या इंजिनिअर मंडळींसमोर हे सांगायची मला लाज वाटली. पोट बरं नाही म्हणालो आणि नाश्ता टाळला. पाणी चालतं की नाही, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. मी नेमकं कडक मत धरलं. एकदा चूक झाली की माणूस उरलेलं सगळं जास्तच काटेकोरपणे पाळायला जातो.

तीन तास चढल्यावर हँडल दोन दोन दिसायला लागलं. मी उतरलो आणि दगडावर बसलो. मित्र पुढे होता, तो वळून आला.

"काय खाल्लास सकाळपासून?"

"काय न्हाई."

"पाणी?"

मी मान हलवली आणि मग सगळं सांगितलं.

"येडा हायस का? हे खजूर खा आधी."

"न्हाई."

"कामून?"

"अव्वाला शब्द दिलाय."

मला वाटलं आता शिव्या देईल. तो गणिताचा माणूस, असल्या गोष्टींवर एरवी तासभर वाद घालणारा. पण अव्वाचं नाव निघाल्यावर त्याने खजूर परत खिशात टाकले. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, दहानंतरच गाड्या सोडणार, हे रात्रीच सांगितलेलं. म्हणजे सामानाची गाडी घाटाच्या शेवटच्या चढाखालच्या ढाब्यावर उभी असणार. ढाबा तिथून आठेक किलोमीटर वर.

"हितंच बस. हलू नगंस," म्हणाला आणि गेला.

दीड तास मी त्या दगडावर बसून होतो. पोटात नुसता खड्डा, जीभ लाकडासारखी. भीती वाटत होती, आणि कसली म्हणाल तर मरायची नाही, नेम मोडायची. आज हे लिहिताना माझाच मला राग येतो.

तो भरधाव उतरत आला. ड्रायव्हर मागे वळायला तयार नव्हता, म्हणून हा सायकलवरच परतला. अंगातल्या जर्सीच्या आत, छातीशी धरून त्याने फडक्याची पुरचुंडी आणली होती. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"हात लागलाय माझा. आता तू आन तुझा देव."

"दे गड्या," मी म्हणालो. त्या वेळी मला खरंच काही वाटलं नाही. मैलाच्या दगडाशी बसून बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, विभूती लावली, तळहातावर घेऊन पूजा केली. मग त्याच्या खिशातले खजूर खाल्ले आणि बाटली संपवली. तो पाठ करून उभा होता, माझी पूजा होईपर्यंत.

एक वाजेपर्यंत ढाब्यावर जो पोचणार नाही त्याने मागच्या गाडीत बसायचं, असा नियम होता. दुपारी बर्फ वितळून ओढे रस्त्यावर येतात. मी खाऊन ताजातवाना झालो होतो. तो मात्र तोच चढ दुसऱ्यांदा चढत होता. दोन-तीन वळणांतच मागे पडला.

"तू चल फुडं, मी यायलोय," तो ओरडला.

मी पुढे गेलो. थांबलो असतो तर दोघांचंही राहिलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण सोयीचं होतं. मी दहा मिनिटं राखून ढाबा गाठला. तो अर्धा तास उशिरा आला, असं नंतर कळलं.

घाटमाथ्यावर पताकांखाली माझा फोटो काढत होते तेव्हा मागची गाडी शेजारून गेली. काचेच्या आत तो होता. त्याने हात हलवला. त्याच रात्री त्याला ताप भरला, खोकला छातीत उतरला. म्होरक्याने त्याला पुन्हा सायकलवर बसू दिलं नाही. उरलेले घाट त्याने काचेतून बघितले.

गावी आम्ही एकत्रच परतलो आणि आधी आमच्या घरी उतरलो. काका हार घेऊन तयार. बैठकीत शेजारीपाजारी जमलेले. अव्वानं सुसला केला होता, चुरमुऱ्याचा, शेंगदाण्याचा कूट घातलेला. मित्र दाराजवळच्या खुर्चीवर चहा घेऊन बसला होता. मी रंगात येऊन बारालाचा सांगत होतो. बोलता बोलता डबी गाडीत राहिल्याचं सांगून बसलो.

काकांनी विचारलं, "मग आणलं कुणी? दुसऱ्याचा हात तर लागला न्हाई न्हव?"

"छे," मी म्हणालो. "मीच गेलो, मीच काढून आणलं."

किती सहज आलं तोंडातून. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी डोळे वटारले नव्हते. काकांनी मान डोलावली, शाबास म्हणाले. मित्राने कप खाली ठेवला. "पोरं वाट बघायलेत," म्हणाला आणि उठला.

सगळे गेल्यावर अव्वानं मला चुलीपाशी बोलावलं.

"त्यानं मला फोन केल्ता," ती म्हणाली. "तिथल्या ढाब्यावरनं. 'अव्वा, ह्याचं गाडीत ऱ्हायलंय, उपाशी बसलाय. मी हात लावू का?' म्हणला. मी म्हणलं, लाव बाळा. तू कामून खोटं बोललास?"

मग तिनं त्याचा भरलेला कप उचलून मोरीत ओतला.

पुढच्या रविवारी मी सायकल काढून मंठाळला गेलो. तो अंगणात चाकात हवा भरत होता. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो, चुकलो म्हणालो, रडूही आलं. त्याने पंप थांबवला.

"घाटाचं सोड. पोरांना सांगितलं, सरांचं गणित चुकलं म्हणून. हसली पोरं." मग म्हणाला, "काकांना सांगितलास का?"

"न्हाई अजून."

"मंग मला सांगून काय फायदा?" त्याने पुन्हा पंप मारायला सुरुवात केली.

मी परत आलो. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. रविवारी मी एकटाच सायकल काढतो. काकांचं घर आमच्यापासून चार घरं सोडून आहे. बारालाचा घाट मी चढून आलो, पण ती चार घरं चालत जाणं मला अजून जमलेलं नाही.