थंडीतली राजधानी

माझी नात डॉक्टरकी शिकते. परवा तिने मला एक शब्द शिकवला, ऑटिझम. "आजी, आत्याचं तेच आहे," म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगते, रागच आला. माझी धाकटी आता पन्नाशीला आलीय. मी हिला घेऊन इंदूरभर शाळा शोधत फिरत होते तेव्हा हा शब्द कुठे तडमडला होता? तेव्हा आमच्याकडे दोनच शब्द होते, वेडगळ आणि अतिशहाणी, आणि लोक एका दमात दोन्ही म्हणायचे.

मध्य प्रदेश व्हायच्या आधीचे, मध्य भारत राज्याचे दिवस होते ते. सहा वर्षांची धाकटी सियागंजच्या बाजारात माझं बोट धरून चालायची आणि पोत्यांवर छापलेली गावांची नावं एकामागून एक वाचत जायची. मराठी, हिंदी, जे असेल ते. थोरल्याची चौथीतली गणितं तोंडी सोडवायची. पण कुणी नाव विचारलं की तोंडाला कुलूप. माणसाच्या चेहऱ्याकडे कधी बघायची नाही. बसायची ती दाराशीच, दुसरीकडे बसवलं की किंचाळायची.

पहिल्या शाळेत पंधरा दिवस टिकली. फळ्यावर बाईंचं गणित चुकलं, हिने उठून ते पुसलं आणि बरोबर करून ठेवलं. बाई म्हणाल्या, "डोकं तेज आहे हो, पण हिला बसवू कुठे?" दुसरी शाळा हिंदी होती. तिथले मास्तरजी म्हणाले, "बहनजी, बच्ची होशियार है, पर शायद सुनती नहीं." म्हणून वैद्यांकडे नेली. वैद्य म्हणाले, हिला गरजेपेक्षा जास्तच ऐकू येतं. घंटा वाजली की ती कान दाबून जमिनीवर लोळायची, ते कदाचित त्यामुळेच असेल. मला काही उमजेना. हुशार म्हणायचे सगळे आणि ठेवून घेईना कुणीच.

तिसरी शाळा जुन्या इंदुरातली, मुलींची, तीनच खोल्यांची. मोठ्या बाई जाड भिंगाच्या, तपकीर ओढणाऱ्या. पहिल्याच दिवशी घंटा झाली आणि धाकटीने लोळण घेतली. मी चपला घालायलाच निघाले होते. तेवढ्यात बाईंनी पितळी घंटेची हातोडी तिच्या हातात दिली. "घड्याळ येतं ना तुला? मग उद्यापासून तूच वाजव." ती उठून बसली. दुसऱ्या दिवसापासून घंटा तिची झाली. कधी वाजणार हे तिलाच ठाऊक, त्यामुळे भीती गेली असावी, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही. बाईंनी तिला सरळ तिसरीत बसवली, तीही दाराशी. जुलै ते दिवाळी मला रात्री झोप लागायची.

आणि मग आली थंडी. आमच्या राज्यकर्त्यांना एक शहर काही निवडता आलं नव्हतं, म्हणून राजधानी उन्हाळ्यात इंदूर आणि थंडीत ग्वाल्हेर. माझे यजमान सचिवालयात होते. फायली निघाल्या की त्यांच्यामागे यजमानही. त्या वर्षी आम्ही सगळेच गेलो, शाळा काय तिथेही आहेत, असं म्हणून. किती मूर्ख होते मी!

ग्वाल्हेरच्या शाळेत घंटा शिपाई वाजवायचा. धाकटी फाटकाच्या आत जाईना. रोज अकराला पाटी घेऊन घराच्या दाराशी बसायची आणि "घंटा, घंटा" करत कपाळ भिंतीवर आपटायची. पुढे तेही थांबलं. मग बोलणं थांबलं, मग जेवण. तिसऱ्या आठवड्यात मी सामान बांधलं.

"एका पोरीपायी सगळ्यांनी परेशान व्हायचं?" यजमान म्हणाले.

"व्हायचं," मी म्हणाले.

मी दोन्ही मुलांना घेऊन इंदूरला परतले. अकराला धाकटीने घंटा वाजवली आणि घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. यजमान तिकडे एकटे, खानावळीचं जेवत. थोरला रोज विचारायचा, बाबा कधी येणार? धाकटीने एकदाही विचारलं नाही. संक्रांतीला दोन दिवस आले, तर तिने तिळगूळ घेतला आणि मान वर न करता खाल्ला. निघताना यजमान मला म्हणाले, "मी असलो काय नि नसलो काय, हिला सारखंच." मलाही तसंच वाटत होतं. जिला बापाची आठवणही येत नाही, तिच्यासाठी मी घराचे दोन तुकडे केले होते. बरोबर केलं की चूक, या विचाराने डोकं भंजाळून जायचं. एकदा तिच्यावर ओरडलेही, "तुला बाप आहे की नाही?" ती म्हणाली, "आहे." आणि पाढे लिहीत बसली.

वार्षिक परीक्षा झाल्यावर मोठ्या बाईंनी बोलावणं धाडलं. मला वाटलं, संपलं. आता ही शाळाही गेली. बाईंनी भूगोलाचा पेपर पुढे सरकवला. "हे बघा. बरोबर म्हणू की चूक, मला काही समजून नाही राहिलं."

प्रश्न होता, मध्य भारताची राजधानी कोणती? खाली धाकटीचं ठसठशीत अक्षर. 'बाबा घरी असले की इंदूर. बाबा नसले की ग्वाल्हेर. आज ग्वाल्हेर. एकशे बारा दिवस झाले.'

मी तिथेच, बाईंसमोर, पदर तोंडाला लावून रडले. बाईंनी तपकिरीची डबी उघडली, नुसतीच बंद केली आणि पेपर मला देऊन टाकला. तो मी त्याच दिवशी पाकिटात घालून ग्वाल्हेरला पाठवला. सोबत एक ओळही लिहिली नाही. काय लिहिणार?

फायली इंदूरला परतल्या त्या दिवशी यजमानांनी दारात ट्रंक ठेवली. परीक्षा झाली तरी निकालापर्यंत सकाळची शाळा भरत होती, धाकटी निघायच्या घाईत. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ट्रंकेकडे पाहिलं.

"इंदूर," ती म्हणाली, आणि घंटेला उशीर नको म्हणून त्यांच्या बाजूने निघून गेली.

यजमान ट्रंकेवरच बसले. लांबून घंटा ऐकू येईपर्यंत ते उठले नाहीत.