बडेबाबू सध्या समुद्रावर आहेत

समुद्राशिवाय माणसाच्या इतिहासाला अर्थ नाही. हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून निदान शंभरदा ऐकलं, त्यांनी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. त्यात त्यांचा दोष नाही. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटहून कुठल्याही दिशेनं निघालं तरी आगगाडीत एक रात्र काढल्याशिवाय समुद्र लागत नाही, आणि आमच्याकडचे लोक आगगाडीत रात्र काढतात ती लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी.

हे वाक्य बोलताना ते उजव्या हाताचा पंजा आडवा धरून हवेत हळूहळू पुढं सरकवायचे. ते जहाज. पंजा माझ्या चहाच्या कपापाशी येऊन थांबला की ते बंदर. मग विचारायचे, "सांगा सर, कोणतं बंदर हे?" मी मुद्दाम चुकीचं सांगायचो. बरोबर सांगितलं तर त्यांना पुढं बोलायला काही उरत नसे, आणि ते मला बघवत नसे.

त्यांना सगळे बडेबाबू म्हणत. भरवेलीच्या मँगनीज खाणीत रवानगीच्या टेबलावर ते चौतीस वर्षं होते. वॅगन भरली की तिचे कागद करायचे आणि माल कुठं चालला ते त्यावर लिहायचं, एवढं काम. त्यांच्या उमेदीच्या काळात पुष्कळ माल बंदरावर जाई आणि तिथून परदेशी. इतर बाबू बंदराचं नाव लिहून कागद पुढं सरकवत. हे नाव लिहीत आणि थांबत. एकदा त्यांनी साहेबाला विचारलं, पुढं कुठं जातो माल? साहेब म्हणाला, "पानी में." एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. पुढची तीस वर्षं ते वाचत राहिले.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे आमची ओळख. घरंही एकाच गल्लीत. आमच्या ग्रंथालयात बंदरांविषयी चार पुस्तकं होती आणि ती चारही आलटूनपालटून त्यांच्याकडेच असायची. दुसऱ्या कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

"माह्या हातानं धाडलेला गोटा पार लिस्बनले गेला असंल सर," ते म्हणत. "गोटा जाते, मंग मी काहून जाऊ नये?"



निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी खरोखरच एका जहाजावर जागा घेतली. मुंबईहून निघून मस्कत, अलेक्झांड्रिया, व्हेनिस करत लिस्बनपर्यंत आणि परत, सत्तर दिवस. कार्यक्रमाचा कागद त्यांनी देवघराच्या भिंतीवर डकवला. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, बरोबर चला म्हणून पुष्कळ विनवलं, पण काकू म्हणाल्या, "मले पाण्याचा भेव लागते. तुमीच जा. मले पापड कराचे हायेत."

आता आमच्या मंडळाविषयी सांगायला हवं. गावात मराठी माणसांचं एक मंडळ आहे. गणपती बसवणं आणि एकमेकांचे सत्कार करणं हे त्याचं कार्य. सत्कारासाठी माणसं कमी पडू लागली होती. काहींचे तिसऱ्यांदा झाले होते. अशात बडेबाबू जहाजानं निघाले. मंडळानं शाल आणली, श्रीफळ आणलं, आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे दिलं. "सातपुड्याच्या कुशीतून सप्तसागरांकडे झेपावणारे" असं मी त्यात लिहिलं. झेपावणारे हा शब्द माझा. गुडघ्याला पट्टा बांधून जिने चढणाऱ्या माणसाबद्दल तो मी लिहिला आणि वाचताना मनातल्या मनात हसलो.

ते हसले नाहीत. त्यांनी मानपत्र दोन्ही हातांनी घेतलं. डोळे भरून आले होते.

आमच्या गल्लीत काशीला किंवा चारधामला निघालेला माणूस घरोघर जाऊन हात जोडतो आणि चुकलं-माकलं माफ करा म्हणतो. परत येणं देवाच्या हाती, म्हणून हा निरोप पक्का असतो. याला जोडून जुन्या माणसांचा आणखी एक नियम आहे. यात्रेकरू अर्ध्या वाटेतून परतला तर काहून परतला असं त्याला विचारायचं नाही. यात्रेचे दिवस भरेपर्यंत तो आलाच नाही असं धरायचं. कुणाला शरमेत टाकू नये, एवढाच त्यामागचा हेतू. नियम चांगला आहे. तो चांगला होता असं मी अजूनही म्हणतो.

बडेबाबू असेच घरोघर फिरले. माझ्या दारात आले तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही काशीला नाही चाललात." ते म्हणाले, "तितं जाणारे परत येऊन राह्यले आजकाल. माहं सांगता येत नाही." मग हात जोडून त्यांनी गेल्या वीस वर्षांत माझं पुस्तक एकदा भिजवल्याची माफी मागितली. स्टेशनवर बँड होता. गोंदियाच्या गाडीत बसताना त्यांच्या गळ्यात इतके हार होते की मान वळवून काकूंकडे बघणं त्यांना जमलं नाही.

गोंदियाच्या फलाटावर त्यांच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. त्या वाटेवरच्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले होते. सफर रद्द. हे मला पुष्कळ नंतर काकूंकडून कळलं. दोन दिवस ते गोंदियातच एका लॉजमध्ये बसून होते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, ऑटो त्यांच्या फाटकाशी थांबला. मी खिडकीत होतो. ते खाली मान घालून बॅग उतरवत होते. मी खिडकी लावून घेतली. त्याच वेळी गल्लीतल्या आणखी तीन-चार खिडक्या लागल्याचा आवाज मी ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून बडेबाबू समुद्रावर होते.

ते मागच्या खोलीत राहत. दिवसा पडदे ओढलेले. काकू मात्र भाजीला निघत, नळावर येत, आणि त्यांना भेटेल तो आपुलकीनं विचारी, "कुठवर पोचले बडेबाबू?" न विचारणं म्हणजे आपल्याला माहीत आहे असं दाखवणं झालं असतं. काकू चौथी शिकलेल्या. रोज सकाळी त्या भिंतीवरचा कागद वाचून बाहेर पडत. "आज मस्कत," असं त्या सांगत, आणि पुढं आपल्या मनचं घालत, "तितं लय ऊन म्हणते." महिनाभरात भूमध्य समुद्रातली बंदरं त्यांना क्रमानं पाठ झाली. आमच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या एका सरांना ती येत नव्हती.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वहिनी जिभेच्या जरा तिखट. एकदा नळावर म्हणाल्या, "काकू, तुमचा रेडिओ लय खोकलून राह्यला रात्रभर."

"हौ," काकू म्हणाल्या. "जुना झाला. पण टाकवत नाही."

त्यावर वहिनींनी संध्याकाळी गवती चहाची जुडी आणून दिली. रेडिओसाठी.

मध्यंतरी काकू माझ्याकडे आल्या. "सर, ते बंदराचं जाडं पुस्तक देता का? मले वाचाचं हाय." पुस्तक इंग्रजी होतं. मी दिलं. पंधरा दिवसांनी परत आलं तेव्हा समासात ठिकठिकाणी पेन्सिलीनं तारखा होत्या, त्या त्या बंदराच्या. व्हेनिसच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती: "आज सकाळी पाहिलं असतं." लिस्बनच्या पानावर नुसती तारीख होती आणि खाली काहीच नव्हतं. त्या पानाचा कोपरा बोटांनी चुरगाळून पुन्हा सरळ केलेला होता.

मी त्याच दिवशी जायला हवं होतं. फाटक उघडून आत जायचं, मागच्या खोलीचं दार ढकलायचं आणि म्हणायचं, पुरे झालं, चहा टाका. मी गेलो नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं दार असेल, जे आदरापोटी आपण ढकलत नाही. आदर फार स्वस्त पडतो. बसल्या जागी करता येतो.

मे महिना लागला. सत्तर दिवसांतले आठ उरले होते. मंडळाचे अध्यक्ष आणि दोन सदस्य संध्याकाळी माझ्या ओसरीवर आले. बडेबाबूंच्या आगमनाच्या सत्काराचं ठरवायचं होतं. आम्ही चौघंही त्यांच्या घरापासून साठ पावलांवर बसलो होतो. ते कुठं आहेत हे चौघांनाही माहीत होतं. अध्यक्षांचं म्हणणं होतं की आदल्या दिवशी त्यांना गुपचूप गोंदियाला पोचवण्याची काही सोय झाली तर बँड स्टेशनवर ठेवता येईल; पण हे त्यांनी इतक्या आडवळणानं सांगितलं की टिपून घेणाऱ्या सदस्यानं फक्त ‘बँड’ एवढंच लिहिलं.

तेवढ्यात काकू आल्या. डोक्यावरचा पदर घसरलेला, पायात चपला नाहीत. आम्हा चौघांना पाहून त्या पायरीवरच थबकल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "जहाजावरून फोन आलता. त्याईच्या छातीत कळ येऊन राह्यली म्हणते. घाम फुटला म्हणते."

खोटं बोलायचं नाही. मला त्या क्षणी वाटलं ते हे, की काकू आता छान रचायला शिकल्या. परतीच्या आधी थोडं आजारपण घातलं की माणूस वाळलेला का, फिकट का, असं पुढं कुणी विचारणार नाही. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत. गोष्टीतली जुळणी मला चटकन दिसते.

अध्यक्ष म्हणाले, "घाबरू नका काकू. मोठं जहाज हाय ते. डॉक्टर राह्यते, नर्सा राह्यते. सगळी व्यवस्था राह्यते."

"हौ का," काकू म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "आज कुठं आहे जहाज?"

"आज कुठंच नाही जी. पाण्यातच हाय." मग म्हणाल्या, "बंदर लय दूर हाय का सर, आता?"

"उद्या लागेल," मी म्हटलं.

त्या अजून क्षणभर उभ्या राहिल्या. चौघांपैकी कुणीही एकटा असता, तर मला वाटतं, तो धावला असता. एकमेकांसमोर कुणालाच पहिलं होता आलं नाही. काकू वळल्या आणि घाईनं परत गेल्या, आणि आम्ही शालीच्या रंगाकडे वळलो.

पाऊण तासानं काकूंचा आवाज आला. तो साठ पावलं ओलांडून आला, त्यात जहाज नव्हतं. आम्ही चौघंही उठलो. वहिनी आमच्याआधी पोचल्या होत्या. मागच्या खोलीत ते पलंगावर भिंतीला टेकून बसल्यासारखे होते, दाढी बोटभर वाढलेली, हातापायांचा रंग दोन महिने ऊन न लागलेल्या माणसाचा. वहिनी त्यांचे तळवे चोळत होत्या आणि म्हणत होत्या, "काकू, तुमी भिंतीवर नुसती थाप मारली असती तरी मी आली असती."

सरकारी दवाखाना आमच्या गल्लीपासून ऑटोनं सात मिनिटांवर आहे. आम्ही सहा मिनिटांत पोचलो. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं.

काकूंनी मला कधी बोल लावला नाही. तेराव्याला पंगत उठल्यावर त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "त्याईनं शपथ घातलती मले, कोणाले सांगू नोको म्हणून. मले वाटलं, सर शिकलेले हायेत, समजून घेतील. मीच बराबर नाही सांगितलं."

मी म्हटलं, तुम्ही बरोबर सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली, पण मानलं नाही. या गोष्टीत चूक काकूंची होती असं समजणारं एकच माणूस आहे, त्या स्वतः, आणि ते मी काही केल्या त्यांच्या मनातून काढू शकलो नाही. आता त्या भिलाईला भाच्याकडे असतात.

मंडळानं शोकसभा घेतली. ठराव लिहायला त्यांनी मला सांगितलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालो. दुसऱ्या कुणीतरी लिहिला. जगभरची ऐतिहासिक बंदरं डोळ्यांनी पाहून मायभूमीच्या ओढीनं परतलेले, असं त्यात होतं. सगळे उभे राहिले, मीही उभा राहिलो.

शेवटी अध्यक्ष बोलले. म्हणाले, बडेबाबूंचा प्रवास संपलेला नाही. आपण त्यांच्या अस्थी वैनगंगेत सोडल्या. वैनगंगेची पुढं प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी त्यांना समुद्रापर्यंत नेणारच. लोकांनी डोळे पुसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे काहींना कळेना.

अस्थी सोडायला मी गेलो होतो. मे महिन्याचे दिवस होते. नदीची धार पलीकडच्या काठाला होती आणि मधे वाळू. घाटापाशी एक डबकं उरलं होतं, त्यात सोडल्या.